मढं दारात आलं तर

खोली बघायला गेले तेव्हा आक्कांनी मला आडनाव विचारलं नाही.

हिंडलग्यात त्या दिवशी बघितलेली ती तिसरी खोली. बेळगावातल्या एका मराठी शाळेत नोकरी लागून आठवडा झाला होता आणि मी लांबच्या नात्यातल्या घरी कोपऱ्यात ट्रंक ठेवून राहत होते. आधीच्या दोन्ही घरांत चहा पुढं आला, गाव कुठलं ते विचारून झालं, निपाणी म्हटल्यावर तंबाखूच्या वखारींबद्दल बोलून झालं, आणि मग सावकाश गाडी आडनावावर आली. ते सांगितल्यावर एका घराला आठवलं की खोली भाच्यासाठी ठेवायची आहे. दुसऱ्याला आठवलं की छप्पर गळतं.

तिसऱ्या घरी सोप्यात एक साठी ओलांडलेल्या बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला पाट दिला, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, मी तो रिकामा करेपर्यंत थांबल्या आणि मग विचारलं, “मास्तरीण, मेलेलं माणूस दारात आलं तर काय करशील?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी शेंगा फोडता फोडता समजावून सांगितलं. मढं. तिरडीवरनं उठून आलेलं. दार वाजवतंय. घरात तू एकटी.

मी दिवसभर चालून दमले होते. पायाला फोड आला होता. मी म्हटलं, “कोण आहे ते विचारीन.”

“मग?”

“काय पाहिजे ते विचारीन.”

त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. पळून जाईन म्हणणारेच लई भेटतात, म्हणाल्या. एका भाडेकरूनं तर काठी घेईन म्हणून सांगितलं होतं, त्याला त्यांनी चहासुद्धा विचारला नव्हता.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं तेव्हा. आक्कांच्या त्या खोलीत मी पुढं सहा वर्षं राहिले.

गल्लीतली माणसं त्यांना थोड्या वेड्या समजायची, पण प्रेमानं. नवरा फार वर्षांमागं गेलेला, मूलबाळ नाही, दोन एकर रान खंडानं दिलेलं. बाकी सगळं चारचौघींसारखं. भाजी स्वस्त कुठं मिळते ते त्यांना ठाऊक असायचं, कुणाच्या घरी कुणाचं पटत नाही तेही. फक्त एक गोष्ट त्या नळाला पाणी येणार असल्यासारखी सांगायच्या: मेलेली माणसं एक दिवस उठून घरी येणार, आणि लोकांची काहीच तयारी नाही.

भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. भूत म्हणजे वारा, त्याला काय भ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मढ्याची गोष्ट वेगळी. मढ्याला पोट असतं.

स्वतःची तयारी त्यांनी पक्की ठेवली होती. मागच्या अंगाला एक छोटी खोली होती. तिच्यात बाज, घोंगडं, एक धोतर, एक लुगडं, जर्मनची ताटली आणि पाण्याची घागर. घागरीतलं पाणी रोज बदललं जायचं. पाहुणे आले आणि घर भरलं तरी त्यांना सोप्यात दाटीवाटीनं झोपावं लागे, ती खोली कुणाला मिळत नसे. दर सोमवारी त्या पुढच्या दाराच्या कडीला तेल घालायच्या. ऐनवेळी कडी अडकली म्हणजे काय करायचं, असं विचारायच्या. आणि दुपारी भाकऱ्या थापताना एक जास्त थापायच्या. संध्याकाळी ती शेजारच्या गाईला जायची. ती गाय चांगली गुबगुबीत होती.

गिरणीत, लग्नात, बारशात, कुठंही त्या हा विषय काढायच्या. गंमत म्हणजे बायका आधी हसायच्या आणि मग हिरीरीनं भांडायच्या. नवरा उठून परत आला तर बाईनं कुंकू लावायचं की नाही, यावर एकदा गिरणीवर इतका वाद झाला की दळण जळल्याचा वास येईपर्यंत कुणाचं लक्ष नव्हतं. आक्कांचं मत असं की ते त्या बाईला विचारायचं, नवऱ्याला नाही. पोरांनी जमिनीची वाटणी करून टाकली असेल तर? त्यावर त्यांनी सांगितलं होतं, “भाजीपाल्याचा एक वाफा द्यायचा त्याला. मेलेल्या माणसाला लई जमीन लागत न्हाय.” मला त्यांनी विचारलं होतं की वर्गातलं पोरगं जाऊन परत आलं तर त्याला त्याच इयत्तेत बसवशील का. मी म्हटलं, हजेरी भरत असेल तर वरच्या. त्यांना ते पटलं.

एकदा त्या मला रेशनच्या कचेरीत घेऊन गेल्या. त्यांना कन्नड चांगलं यायचं, पण सरकारी कागदासमोर शिकलेलं माणूस बरोबर असावं असं त्यांना वाटे. तिथला कारकून हुक्केरीकडचा, तरुण आणि सोशिक. आक्कांनी त्याला विचारलं की कार्डावरनं नाव कमी केलेलं माणूस जिवंत परत आलं तर नाव परत चढवायला कुठला अर्ज लागतो. त्याला वाटलं चुकून कमी झालेल्या नावाबद्दल बोलतायत. त्यानं कुणाचं नाव म्हणून विचारलं. आक्का म्हणाल्या, अजून कुणाचं न्हाय. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. मग त्यानं खरोखरच नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवून पानं चाळली आणि म्हणाला, “आगोल्ला, आक्का.” होत नाही. नाव चढवायचे दोनच रस्ते: एक जन्म, दुसरा परगावाहून बदली. बाहेर पडल्यावर आक्का सगळ्या रस्ताभर खिन्न होत्या. सरकारला एवढी कचेरी बांधता आली आणि हे सुचलं नाही, म्हणाल्या.

हे कुठून आलं ते त्या कुणालाही सांगायच्या. त्या आठेक वर्षांच्या असताना पलेग आला होता. गाव सोडून माणसं माळावर खोपटी घालून राहिली. त्यांची आत्या तापानं गेली. तेव्हा इतकी माणसं जात होती की लाकडं पुरत नव्हती आणि खांदे तर त्याहून कमी. चौघांनी आत्याला नेऊन ओढ्याच्या काठी ठेवलं, उद्या जाळू म्हणून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या लुगडं सावरत चालत माळावर आली. मढं उठलं म्हणून एकच ओरडा झाला आणि सगळ्या खोपटांची दारं बंद झाली.

“मग काय झालं?” मी विचारलं होतं.

“जगली की. माझ्या लग्नात तिनंच हळद लावली. उठलेलं मढं कुणाला खात न्हाय गं. भाकरी मागतंय.”

एवढंच सांगून त्या उठून जायच्या.

माझं तिथं तिसरं वर्ष चालू होतं तेव्हा पावसाळ्यात गल्लीत ताप शिरला. दोन आठवड्यांत चार माणसं गेली, त्यात एक धडधाकट सुतार. त्याच्या महिनाभर आधी मारुतीची बातमी आली होती. मारुती आमच्या समोरच्या रांगेत राहायचा. लोंढ्याच्या पुढं जंगलात लाकूडतोडीच्या टोळीत तो कामाला होता. मुकादमानं एका ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला की मारुती तापानं गेला, रानातच जाळला. सोबत एक घोंगडं. शेवंतानं, त्याच्या बायकोनं, बांगड्या फोडल्या. दोन लहान लेकरं होती. तेरावं झालं, आम्ही सगळे जेवून आलो.

चौथा माणूस गेला आणि कुणीतरी बोललं की ज्याचं मढं घरी आलं नाही ते चालत येतं. मग कुणाला तरी मारुती गिरणीच्या मागं उभा दिसला. दोन दिवसांत सगळं ठरून गेलं. मढी फिरतायत. भर दुपारी येतात, दार वाजवतात, एकदाच हाक मारतात. जो ओ देईल त्याला ताप चढतो.

भीती खरी होती. पण माणूस कशालाही किती लवकर सरावतो ते मी त्या तीन आठवड्यांत बघितलं. मढं एकदाच हाक मारतं म्हटल्यावर गल्लीनं ठरवलं की जिवंत माणसानं तीनदा मारायची. दूधवाला किटलीवर तीनदा टोले देऊ लागला. पोस्टमन दारात उभा राहून पत्र, पत्र, पत्र म्हणायचा. माझ्या वर्गात हिंडलग्याची पाच-सहा पोरं होती, त्यांनी हजेरीला पहिल्या हाकेला ओ द्यायचं सोडलं, आणि बघता बघता सगळा वर्गच तिसऱ्या हाकेशिवाय उठेना. अर्धा तास हजेरीतच जायचा. एक सासूबाई सुनेच्या पाचव्या हाकेशिवाय हलायच्या नाहीत, जास्त खात्री असलेली बरी म्हणून. सुनेनं मग हाका मारणंच सोडलं आणि दोघींचं त्या काळात बरं चाललं होतं. उंबऱ्यावर उलट्या चपला आल्या. दुपारी बारा ते तीन गल्लीत माणूस दिसत नसे. बायका धुणी दहाला उरकायच्या. आठ दिवसांत हे सगळं असं अंगवळणी पडलं की वाटावं, इथं पहिल्यापासून असंच आहे.

हे मी आज हसून लिहिते. तेव्हा मीही दुपारी पुस्तक उघडून बसायचे आणि एक ओळ वाचायचे नाही. चौथीच्या मुलांना मी विज्ञान शिकवत होते. डास आणि हिवताप हा धडा नुकताच झाला होता.

आक्का मात्र कामाला लागल्या होत्या. मागची खोली सारवली, घोंगडं उन्हात टाकलं, मीठसाखरेची पुडी बांधून ठेवली. दाराबाहेर पाण्याची घागर आणि वर पालथा तांब्या. लोक त्यांना सांगायला आले की तुम्ही मढ्यांना आवतण देताय. त्या म्हणाल्या, “तुमी मढ्याला भिताय. मढं तुमाला किती भीत असंल, त्याचा इचार केलाय का कुणी?” लोकांनी आमच्या बाजूनं जाणं-येणं बंद केलं. शेजारणीनं गाय दुसरीकडं बांधली.

अशाच एका शनिवारी माझी सकाळची शाळा होती. जेवणं झाली होती. आक्का सोप्यात तांदूळ निवडत होत्या, मी वह्या तपासत होते. दार नुसतं कडी घालून लावलेलं. ऊन पडलं होतं, गल्ली सामसूम.

मग समोरच्या रांगेत कुठंतरी दार वाजलं. हळू, दोन थापा. एक हाक आली. एकच. मग बराच वेळ काही नाही. मग त्याच्या पुढचं दार. पुन्हा एकच हाक. आवाज असा, घशात माती गेल्यासारखा. मी आक्कांकडं बघितलं. त्यांचे हात सुपात थांबले होते. आवाज मारुतीच्या घरापाशी आला. “शेवंता,” असं स्पष्ट ऐकू आलं. आतून लेकराचं रडणं सुरू झालं आणि तोंडावर हात ठेवावा तसं थांबलं. त्यानंतर पाय ओढत कुणीतरी रस्ता ओलांडल्याचा आवाज आला.

आमच्या दारावर दोन थापा पडल्या.

“आक्का.”

आक्का उठल्या. सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला, दारापाशी गेल्या. कडीवर हात ठेवला. मी वाट बघत होते. आता काढतील, आता काढतील. त्यांचा हात हलेना. मी जवळ गेले तेव्हा दिसलं की त्या कडी काढत नव्हत्या, दाबून धरत होत्या. बोटं पांढरी पडली होती. डोळे दारावर, दाराच्या पलीकडचं दिसत असल्यासारखे.

“आक्का, उघडा,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी बरं वाटलं. एवढी जुनीजाणती बाई नको म्हणतेय, म्हणजे नको. दार बंद राहील, बाहेरचं जे आहे ते पुढच्या घरी जाईल, आणि माझ्यावर काही येणार नाही. मग बाहेर कुणीतरी दाराला टेकून खाली बसल्याचा आवाज आला. कपडा लाकडाला घासत गेला. त्या आवाजात काही भीतिदायक नव्हतं. निपाणीत माझी आई वखारीतून आली की भिंतीला टेकून तशीच बसायची.

मी आक्कांचा हात कडीवरून सोडवला. एकेक बोट सोडवावं लागलं. कडी तेलानं इतकी मऊ झाली होती की नुसत्या नखानं सरकली.

उंबऱ्यावर मारुती बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, कातडी हळदीसारखी पिवळी. पायात काही नाही. त्यानं वर बघितलं आणि पाणी मागितलं. घागर त्याच्या हाताशी होती. पण दुसऱ्याच्या दारातली म्हणून त्यानं न विचारता हात लावला नव्हता.

मी तांब्या भरून दिला. तो प्याला, थांबला, पुन्हा प्याला. मग म्हणाला, “आमच्या घरात कुणी न्हाय काय? पोरगं रडल्यागत वाटलं. पर कुणी बोलंना.”

मी तांब्या पुन्हा भरला. तेवढ्यात माझ्या पाठीमागून आक्का पुढं आल्या. चेहरा अजून पांढराच होता, पण आवाज नेहमीचा. त्यांनी त्याला नाव विचारलं. बापाचं नाव विचारलं. शेवटचं कधी खाल्लं ते विचारलं. तो सगळ्याची उत्तरं शाळेतल्या मुलासारखी देत गेला. मग त्यांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि मागच्या खोलीत नेलं. पन्नासएक वर्षं डोक्यात घोळवलेली कामं त्यांनी एकामागून एक केली: ऊन पाण्यानं पाय धुतले, धोतर दिलं, मीठसाखरेचं पाणी चमच्यानं पाजलं, तासाभरानं आंबील. भाकरी त्यानं मागितली तेव्हा कुस्करून दुधात दिली.

हळूहळू हकिगत कळली. टोळीत दोन मारुती होते. ताप दोघांनाही आला. दुसरा गेला. हा आमचा मारुती कामावरून घराकडं निघाला तो रानातच वाटेत पडला आणि तिथल्या धनगरवाड्यावरच्या एका म्हातारीनं त्याला दोन महिने ताकावर जगवलं. उभं राहता आलं तसा तो लोंढ्याला आला, तिथून गाडीनं बेळगाव, आणि तिथून चालत. मढं एकदाच हाक मारतं, हे त्याला कोण सांगणार? दुसऱ्यांदा हाक मारायचं बळच नव्हतं त्याच्यात.

शेवंताला आणायचं काम अवघड होतं. आक्का तिच्या दारात गेल्या आणि तीन हाका मारल्या, ही रीत पाळली. शेवंता आली, पण आमच्या परसात येऊन लांब उभी राहिली, दोन्ही लेकरांना पाठीशी घालून. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आत अंधार. पिवळा माणूस बाजेवर. ती दोनदा मागं फिरली. तिला दोष कसा द्यायचा? तेरावं तिच्याच हातानं झालं होतं. आक्कांनी तिला काही समजावलं नाही, ओढलं नाही. त्या नुसत्या आत गेल्या आणि मारुतीला आणखी थोडी आंबील दिली.

आतून मारुतीचा चिरका, कुरकुरता आवाज आला. आंबिलीत मीठ नाही. सांगितलं तर राग येतोय, पण मीठ नाही ते नाहीच.

शेवंतानं लेकरांचे हात सोडले.

“ह्योच हाय,” ती म्हणाली, आणि तिथंच परसात खाली बसून रडायला लागली. मग हसायला लागली. धाकटं पोर आत पळालं होतं तोवर.

तासाभरात गल्लीतली सगळी दारं उघडली. लोक परसात, भिंतीवर, खिडकीत. कुणीच कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं, कारण त्यानं कुणाकुणाची दारं वाजवली होती ते सगळ्यांनी ऐकलं होतं. मग एकानं अंडी आणली, एकानं तूप. जिनं गाय हलवली होती तिनं दुधाचा तांब्या आणला. आक्कांनी सात दिवस त्याला वेगळं ठेवलं आणि सात दिवस दुरून ज्यानं त्यानं बघून घेतलं की तो खातो, खोकतो, मिठावरून भांडतो. याच आठवड्यात मी शाळेतून आरोग्य खात्याला कळवलं. माणसं आली, डबकी बुजवली, फवारणी झाली, घरोघरी गोळ्या दिल्या. ताप ओसरला. पाचवं कुणी गेलं नाही. तीन हाका मात्र महिनाभर चालल्या. सवय मोडायला भीतीपेक्षा जास्त वेळ लागतो.

मारुती आला त्याच दिवशी दिवेलागणीला, लोक पांगल्यावर, आक्का चुलीपाशी बसल्या होत्या. मी भाकरीचं पीठ मळत होते. त्या आपणहून बोलल्या.

आत्या माळावर आली तेव्हा त्यांच्या खोपटात मोठं माणूस कुणी नव्हतं. आई पाण्याला गेलेली, बाप लाकडाला. त्या एकट्या. आत्यानं दारापाशी येऊन त्यांना लाडाच्या नावानं हाक मारली. लहानपणापासून त्या आत्याजवळच झोपायच्या, आवाज ओळखीचाच. “कडी मी घातली,” आक्का म्हणाल्या. “बाकीच्यांनी त्यांची घातली. आमची मी घातली. आन् वर पाटा लावला.”

दोन दिवस आत्या चिंचेखाली बसून होती. तिसऱ्या दिवशी वस्तीच्या कडेला राहणारी एक बाई तिला आपल्या खोपटात घेऊन गेली. “तुमच्यातली व्हती,” आक्का चुलीकडं बघत म्हणाल्या. “तिच्या दाराला कडीच नव्हती.” पलेग सरल्यावर आत्या घरी आली. पुढं नऊ वर्षं, लग्न होऊन सासरी जाईपर्यंत, रोज सकाळी तिनं यांची वेणी घातली. त्या कडीबद्दल कधी एक शब्द नाही.

“इचारलं असतं तर बरं झालं असतं गं. मी सांगितलं असतं भ्याले म्हणून.”

मी परातीतल्या पिठाचा गोळा केला. मग मी विचारलं, माझ्या आडनावाचा अंदाज होता म्हणून मला खोली दिलीत का?

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मीच वेडी. “तू दार वाजवलंस म्हणून दिली,” म्हणाल्या.

मग चुलीत लाकूड सारून त्यांनी विचारलं की मी त्यांचा हात सोडवला तेव्हा मला भीती वाटली नाही का. मी म्हटलं, वाटली. लई? लई. त्यांनी सुस्कारा सोडला, आणि मला दिसलं की त्यांचे खांदे खाली आले. तीन वर्षांत ते मी कधी खाली आलेले बघितले नव्हते. भ्यायलेलं माणूसही दार उघडू शकतं, एवढंच त्यांना कुणीतरी दाखवायला हवं होतं की काय, कुणास ठाऊक. त्या दिवशी तीन भाकऱ्या झाल्या. एक मारुतीची. गाईला काही गेलं नाही.

मारुती चालायला लागल्यावर आक्का त्याला घेऊन रेशनच्या कचेरीत गेल्या, मलाही नेलं. कारकून तोच. शेवंतानं कार्डावरनं त्याचं नाव कमी केलं होतं. आक्कांनी मारुतीला खिडकीसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, “हा बगा.” कारकुनानं मारुतीकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं, वहीतली कमी केलेली ओळ बघितली. नियमांचं पुस्तक त्यानं या वेळी काढलंच नाही. पेन घेऊन थोडा वेळ विचार केला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं की परगावाहून आला. मी ते वाचून दाखवलं.

“खरंच हाय की ते,” आक्का म्हणाल्या.

त्या दसऱ्याच्या सुट्टीत मी निपाणीला जायची तयारी करत होते तेव्हा आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. समुद्र बघायचा आहे, म्हणाल्या. मला वाटलं बोलून दाखवतायत. पण पिशवी भरलेली होती. लग्न होऊन आल्यापासून त्या एकदाही परगावी मुक्कामाला गेल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. भावाच्या पोरांच्या लग्नालासुद्धा संध्याकाळच्या एसटीनं परत यायच्या. घरात कुणी नसताना कुणी आलं तर? आता घराची किल्ली त्यांनी शेवंताकडं दिली होती आणि दुसरं काही सांगितलं नव्हतं.

मी आईला पत्र टाकलं की दोन दिवस उशिरा येते.

बेळगावहून लोंढ्यापर्यंत त्या एकसारख्या बोलत होत्या. खिडकीतून दिसणारं प्रत्येक रान कुणाचं असेल, तिथं काय पिकत असेल, सगळं. लोंढ्याला गाडी बदलली. वडे घेतले. गोव्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून त्या खूष झाल्या, दूधसागर कुठं येतो ते समोरच्या बाईला दोनदा विचारून ठेवलं. आणि घाट लागायच्या आधीच त्यांना झोप लागली. माझ्या खांद्यावर डोकं, तोंड थोडं उघडं, घोरणं इंजिनाच्या आवाजातही ऐकू येणारं. दिवसाउजेडी झोपलेल्या आक्का मी पहिल्यांदाच बघत होते.

धबधबा आला तेव्हा सगळा डबा आमच्या बाजूला लोटला. पाऊस नुकताच संपलेला, पाणी भरभरून कोसळत होतं, गाडी त्याच्या इतक्या जवळून गेली की तुषार खिडकीतून आत आले. समोरच्या बाईनं घाईघाईनं खूण केली, उठवा की त्यांना, विचारत होत्या मघाशी.

आक्कांच्या कपाळावर पाणी उडालं होतं. मी ते पदरानं हलकेच टिपलं आणि त्या बाईला मानेनं नको म्हटलं.